विशूची खुर्ची

खोकं आलं तेव्हा मला वाटलं, जावयानं वॉशिंग मशीन धाडली. चांगलं कमरेएवढं खोकं. आमचे हे, म्हणजे व्यंकटी, लोह्याच्या बाजारात जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. कापडाची कात्री कुणी कागदाला लावली तर घर डोक्यावर घेणार. पण त्या दिवशी तीच कात्री घेऊन त्यांनी खोक्याची चिकटपट्टी टराटरा फाडली. आतून निघाली एक खुर्ची. खुर्ची म्हणावी तर पाय नाहीत, पाळणा म्हणावा तर दोऱ्या नाहीत. करड्या रंगाची, खोलगट, आणि जागोजागी पट्टेच पट्टे.

"हे काय व्हय?" मी विचारलं.

माझी लेक धम्मप्रिया बाळाला खांद्यावर थोपटत बाहेर आली. "कार सीट हाय आई. विशूला लातूरला न्यायला. यांनी मागवली."

"विशूला न्यायला माझी मांडी हाय की!"

धम्मप्रिया हसली. मी हसले नाही. मला ते खरंच लागलं होतं.

आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की लेकीला आणि बाळाला सासरी पोचवायचं, आणि पोचवायला जायचं लेकीच्या आईनं. वाटभर बाळ आजीच्या मांडीवर. दारात पोचल्यावर आजीनं ते आपल्या हातानं विहिणीच्या ओटीत घालायचं. पाळणा माहेरचा, झबली-टोपडी माहेरची, डिंकाचे लाडू माहेरचे, तशी मांडीही माहेरची. त्यात जावयानं मधेच खुर्ची धाडायची, याला काय म्हणावं?

माझं माहेर जळकोट. धम्मप्रिया तान्ही असताना मला पोचवायला माझी आई आली होती, एसटीनं. खिडकीजवळ बसून ती वाटभर त्या तान्ह्या जिवाशी बोलत होती. हे बघ कंधार आलं, हा बघ केवढा तलाव, इथल्या बाजारात तुझ्या आज्यानं बैल घेतला होता आणि तो बैल मारका निघाला होता. लेकराला काय कळत होतं? पण आईच्या तोंडावर जे सुख होतं ते मी आजवर विसरले नाही. शेजारी बसून मी तेव्हाच मनाशी धरलं, माझी पाळी आली की मीही असंच न्यायचं. पाळी यायला फार वर्षं लागली. धम्मप्रियाचं लग्न उशिरा, त्यानंतर पुन्हा वाट बघणं, दवाखाने, आणि मग एकदाची ही विशाखा. आमची विशू. दुधापेक्षा साय प्यारी म्हणतात ते उगाच नाही.

आणि मी काय कुणी अडाणी बाई होते का? लोह्याजवळच्या खेड्यात माझी सगळी नोकरी अंगणवाडीत गेली. शेकडो लेकरं या हातांनी काट्यावर टांगली. लेकराला नुसतं उचललं तरी वजन किती ते मला कळायचं. काटा फक्त माझ्या बोलण्याला दुजोरा द्यायचा. दंडाला ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी लावून लेकरू कुपोषित आहे का ते सांगायचे. आणि सासवांशी भांडायचे. जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवणाऱ्या, पहिलं दूध पिळून टाकायला लावणाऱ्या, लस टोचली की ताप येतो म्हणून दार लावून घेणाऱ्या सासवा. सगळ्या एकच बोलायच्या, "आमी काय लेकरं वाढवली न्हाईत का?" मी कमरेला पदर खोचून सांगायचे, "आज्जे, तुजी माया लेकराच्या कामी आली पायजे. तुज्या समाधानासाठी न्हाई." धम्मप्रिया तेव्हा अंगणवाडीतच कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेली असायची.

ती आता लातूरला एका दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात नर्स आहे. जावई आनंदराज शाळेवर मास्तर. स्वभावानं इतका गरीब की त्याच्यावर रागवायचं म्हटलं तर आपणच दमतो. तरी मी त्याला फोन लावला.

"जावईबापू, खुर्ची मिळाली. पण तुमचा आमच्यावर भरवसा न्हाई काय?"

"तसं न्हाई मामी," तो चाचरत म्हणाला. "कायदाच हाय. चौदा वर्षांखालचं लेकरू गाडीत असलं तर त्याला पट्टा न्हाईतर अशी सीट पायजे. न्हाईतर हजार रुपये दंड."

"मग हजार रुपये मी भरते. लेकरू माज्याजवळ द्या."

धम्मप्रियानं माझ्या हातातून फोन घेतला, त्याला दोन शब्द बोलली आणि ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, दंडाचं सोड. मी वॉर्डात जे बघते ते तुला कधी सांगत न्हाई. सांगायला लावू नको."

मी लावलं नाही. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तसं माझं झालं होतं.

त्या खुर्चीनं आमची ओसरी अडवली आणि सगळ्या गल्लीला विषय दिला. शेजारच्या सिद्धम्मा, किराणा दुकानवाल्या, उदगीरच्या लेक, हातातलं माप तसंच घेऊन बघायला आल्या. तेव्हा आमचे हे त्या खुर्चीला एका बोटानं झुलवत बसले होते.

"अय्यो! रिकामा पाळणा हलवू नये हो भाऊ!"

"पाळणा न्हाई बाई, खुर्ची हाय," हे म्हणाले.

"हलते म्हंजे पाळणाच की."

ह्यांनी लगेच हात काढून घेतला. एवढं पोथ्यापुराणं सोडलेलं घर आमचं, पण रिकामा पाळणा हलवायची छाती ह्यांची नाही. मग सिद्धम्मांनी विचारलं की हिचं तोंड कुठल्या बाजूला. धम्मप्रियानं सांगितलं, मागच्या शिटावर बसवायची आणि बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं.

"म्हंजे पाठमोरं?" मी आणि सिद्धम्मा एकदमच बोललो.

"मान कच्ची हाय गं तिची. पुढं तोंड असलं आन् गाडी एकदम थांबली तर झटका मानेला बसतो. मागं तोंड असलं की सगळा झटका पाठीवर जातो. पाठ खुर्चीला टेकलेली असती."

"पण लेकरू पयल्यांदा आपल्या घरी चाललंय. उलट्या तोंडानं जावं का त्यानं? सासरी जाताना तोंड सासरकडं पायजे."

"सासर माजं हाय आई, तिचं न्हाई," धम्मप्रिया म्हणाली, आणि सिद्धम्मा सुद्धा हसल्या. फितूर झाली बाई.

ह्यांचं वेगळंच चाललं होतं. खुर्ची पुढच्या शिटावर बसवा, म्हणजे जावईबापूंना गाडी चालवता चालवता लेकरू दिसेल, असा ह्यांचा सल्ला. धम्मप्रियानं बापाला समजावलं, की पुढं एअरबॅग असते, तो फुगा धडकन फुटून बाहेर येतो आणि तान्ह्या लेकराच्या खुर्चीवर आदळतो. त्यावर हे म्हणाले, "मग मागंच बरं, मागंच बरं," आणि जणू आपणच सुचवलं अशा थाटात मान हलवत राहिले.

पुढचे दिवस धम्मप्रियानं मला शिकवण्यात घालवले. ओसरीतच विशूला त्या खुर्चीत बसवायचं, पट्टे दोन्ही खांद्यांवरून घ्यायचे, मधला पायांमधून वर, बक्कल टचकन वाजलं पाहिजे. मग पट्टा ओढून घट्ट करायचा. "आता खांद्यावरचा पट्टा चिमटीत धर. घडी पडली तर सैल. चिमटीत आलाच न्हाई पायजे."

"हे तर आमच्या दंडाच्या पट्टीसारकंच की," मी म्हणाले. मला ते एका दमात जमलं. विशू पट्ट्यांत अडकून माझ्याकडं बघून खिदळायची. दात नसलेल्या तोंडानं असं हसायची, की वाटायचं पट्टे काढावेत, उचलावं आणि कुणाला देऊच नये.

मी एक गोधडी शिवायला घेतली. जानेवारीची थंडी होती, सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून टाके घालायचे. वरचा थर माझ्या जांभळ्या इरकलीचा, खालचा माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचा, आणि आत ह्यांच्या दुकानातले मऊ तुकडे. मांडी देऊ देत नाहीत तर नाही, निदान माझं लुगडं तरी लेकराच्या अंगाखाली जाईल. त्या प्लास्टिकवर माझं लेकरू कशाला निजेल, असा माझा हिशोब. हे एकदा म्हणाले, "लई जाड करून राहिलीस गं." मी म्हणाले, "तुमच्या कोटांना आतून भरण घालत व्हता तवा मी बोलले व्हते काय?"

निघायच्या दिवशी जावई सकाळीच गाडी घेऊन आला. धम्मप्रिया आत बुद्धाच्या मूर्तीपुढं वंदना घेत होती, हे लाडूंचा मोठा डबा डिकीत ठेवायला जागा शोधत होते. मी म्हणाले, "बाळाला मी बसवते." कुणी नको म्हणालं नाही. शिकवलेली होते ना.

गाडीचं दार अर्धं लावून मी गोधडी चौघडी करून खुर्चीत पसरली आणि वर विशूला ठेवलं. कशी लोण्यासारखी बसली. पट्टे मात्र आता पुरेनात. मग थोडे सैल केले, बक्कल लावलं, वरून शाल पांघरली. चिमटी लावून बघितली नाही. बघायची गरजच नव्हती; घडी पडणार हे मला बघायच्या आधीच माहीत होतं. पण त्या वेळी मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. उलट जिंकल्यासारखं वाटलं.

"नीट बसवलीस ना आई? चिमटी लावली?" धम्मप्रियानं बसता बसता विचारलं.

"हाव, हाव."

"मग काय काळजी न्हाई," ती म्हणाली, आणि शाल उचलूनही न बघता माझ्या पलीकडं बसली. मी मधे, माझ्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नात. डिकीत डब्याला जागा झाली नाही, तो ह्यांनी पुढच्या शिटावर ठेवला. सिद्धम्मांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. हे हात उंच करून उभे राहिले आणि गाडी वळेपर्यंत तसेच होते.

माळाकोळीला विशू रडायला लागली. आनंदराजनं एका हॉटेलासमोर गाडी बाजूला घेतली. धम्मप्रियानं पट्टे सोडून तिला दूध पाजायला घेतलं. मी चहा प्यायला उतरले आणि कपातला चहा संपवून परत येते तर धम्मप्रिया दारात उभी. विशू बापाच्या खांद्यावर, आणि लेकीच्या हातात माझी गोधडी.

"हे खाली व्हतं?"

"थंडी हाय गं. आन् ती खुर्ची टणक."

"आन् पट्टे सैल तूच केलेस?"

हॉटेलवाला आमच्याकडं बघत होता.

ती ओरडली असती तर मला बरं झालं असतं. मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मी तुला इचारलं व्हतं आई. तू हाव म्हणालीस. म्हणून मी बघितलं सुदीक न्हाई. गाडी कुटं आदळली असती तर ही गोधडी दबून गेली असती आन् विशू पट्ट्यातनं सुटली असती."

"मी काय तिचं वाईट करीन काय?"

"न्हाई. पण तू अंगणवाडीत आज्यांना काय म्हणायचीस? माया लेकराच्या कामी आली पायजे."

तिनं पुढचं वाक्य म्हटलं नाही. मला पाठ होतं. आपणच घडवलेली लेक आपल्यालाच आपले शब्द परत करते तेव्हा कुठं तोंड लपवावं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी त्या मध चाटवणाऱ्या सासवांच्या रांगेत जाऊन बसले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

धम्मप्रियानं विशूला खुर्चीत ठेवलं, नुसत्या झबल्यावर पट्टे घेतले, ओढले, चिमटी लावली. मग गोधडी उघडून पट्ट्यांच्या वरून तिच्या पोटापायांवर पांघरली. "वरून घाल आई. खालून नको. वरून कितीबी माया कर."

एवढं बोलून ती बसली. खरं तर तिनं मला मोकळं केलं होतं, पण माझा पीळ! मी तोंड फुगवून बसले. पुढच्या शिटावरचा डबा मागून घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मांडीवर काही तरी हवंच होतं मला. डबा उचलताच हाताला कळलं, विशूएवढाच भरला असेल; झालाच तर थोडा हलका. दोन्ही हातांनी त्याला कवळ घालून मी समोर बघत राहिले. अहमदपूर गेलं, मी एक शब्द बोलले नाही. जावई बिचारा आरशातून बघायचा आणि नजर काढून घ्यायचा.

चाकूर सोडल्यावर रस्ता मोकळा होता. दोन्हीकडं ऊसतोड चालली होती. एका फडातून उसानं भरलेला ट्रॅक्टर ना हॉर्न ना काही, सरळ रस्त्यावर आला, आणि तोही उलट्या बाजूनं. आनंदराज "अगं आई!" म्हणाला आणि त्यानं ब्रेकवर पाय दाबून धरला.

माझ्या छातीवर पट्टा रुतला. टायरं किंचाळली. काहीतरी पुढं जाऊन धाडकन आदळलं. गाडी ट्रॉलीच्या अलीकडं थांबली, खिडकीतून हात काढला असता तर ऊस मोडून घेता आला असता.

धम्मप्रिया माझ्या अंगावरून ओणवून विशूकडं झेपावली. विशू जागी झाली होती. गोधडी जराशी घसरली होती, पट्टे जिथल्या तिथं होते, आणि ती पोर डोळे मोठे करून आपल्या आईकडं बघत होती. मग तिनं जांभई दिली.

माझं लक्ष मात्र पुढं होतं. डबा गाडीच्या पुढच्या काचेखाली जाऊन आदळला होता. झाकण कुठं, डबा कुठं. त्याची कड चेपली होती आणि डिंकाचे लाडू फुटून सगळीकडं पसरले होते. मी माझ्या हातांकडं बघितलं. ते अजून तसेच कवळ घातलेले होते, आणि आत काही नव्हतं.

मी तो डबा सैल धरला नव्हता. घट्ट, दोन्ही हातांनी, रागानं धरला होता. या हातांवर मला जन्मभर गर्व होता. किती लेकरं उचलली, एक कधी निसटलं नाही. आणि तो डबा कधी गेला ते मला कळलंसुद्धा नाही.

"धम्मे," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "माज्या हातात ती असती तर गं?"

"नव्हती ना आई."

"मी म्हणत व्हते द्या म्हणून. हजार रुपये भरते म्हणून."

"नव्हती तुज्या हातात. बघ की तिच्याकडं. बघ."

मी बघितलं. विशूनं मला बघून पाय झाडले. मी तिच्या पट्ट्याला चिमटी लावली. एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं. पट्टा चिमटीत आला नाही. इतकं चांगलं मला कधीही, कुठल्याही लेकराच्या दंडाची हिरवी पट्टी बघूनसुद्धा वाटलं नव्हतं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरून माफी मागायला आला तेव्हा मात्र माझा आवाज परत आला. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर मी त्याला एक न फुटलेला लाडू दिला, कारण घाबरलेला तर तोही होता.

तिथून लातूरपर्यंत मी विशूकडं वळून बसले. माझं बोट तिच्या मुठीत दिलं. तिनं ते धरून ठेवलं आणि मी बोलायला लागले. हा बघ आष्टामोड, इथून उदगीरला रस्ता जातो, आपल्या सिद्धम्माचं माहेर तिकडं. हा बघ ऊस, याच्यापायी आज आपला जीव जात होता, मोठी झालीस की रस पिऊन सूड घे. तिचं तोंड माझ्या बाजूला थोडं वळलेलं होतं, ती टकामका बघत होती. मांडीवर असती तर तिची टाळूच दिसली असती मला. इथं तर सगळं तोंड दिसत होतं. धम्मप्रिया माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपी गेली, लहानपणी अंगणवाडीतून घरी येताना झोपायची तशी. एका हाताला नात, एका खांद्याला लेक. मांडी रिकामी होती खरी, पण आणखी कुणाला घ्यायला जागा कुठं होती?

लातूरला दारात विहीणबाई सुमनबाई रांगोळी काढून उभ्या होत्या. बक्कल मी माझ्या हातानं सोडलं. विशूला गोधडीत गुंडाळलं, उंबऱ्यापर्यंत उरापाशी धरून नेलं, आणि सुमनबाईंच्या ओटीत घातलं. ती चार पावलं मी इतकी हळू चालले, की आनंदराजला वाटलं माझे गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं. सुमनबाईंना नात आपल्या माहेरी, किल्लारीला, दाखवायची घाई झाली होती. ठरलं असं, की मला बसस्टँडवर सोडायचं आणि तशीच गाडी पुढं किल्लारीला न्यायची. सुमनबाई ठेवणीतली पैठणी नेसून मागच्या शिटावर बसल्या आणि त्यांनी हात पुढं केले.

"आणा हिकडं. माज्या भावजयांना बघू दे, आजीच्या मांडीवर नात कशी दिसती. त्या खुर्चीत काय, दुकानातल्या बाहुलीवानी!"

आनंदराज आईकडं बघू लागला, धम्मप्रिया सासूकडं. सून म्हणून तिची जीभ अडली, ते मला दिसलं.

"इहीणबाई," मी म्हणाले, "मांडी घरात. गाडीत खुर्ची."

"का वो? माजी मांडी काय वाईट हाय का?"

मला हसू आलं. "तुमची मांडी लाखात एक हाय. माजीबी व्हती. पण काल माज्या मांडीवरचा डबा बघितलाव का तुमी, कसा चेपलाय?"

त्यांनी बघितला होता. सकाळी त्यांनीच तो ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला होता. त्यांचे पुढं केलेले हात हळूहळू खाली आले. मी विशूला खुर्चीत बसवलं, पट्टे घेतले, ओढले. मग सुमनबाईंचा हात धरून त्यांच्या बोटांची चिमटी पट्ट्यावर लावली. "हे असं बघायचं. घडी पडली न्हाई पायजे. रोज तुमीच बघा, आता तुमच्याकडं दिलंय."

"आन् हे उलटं तोंड का केलंय?" सुमनबाईंनी विचारलं.

"ते तुमची सून सांगंल वाटंनं," मी म्हणाले.

बसस्टँडच्या फाटकाशी मी उतरले. गोधडी विशूच्या पायांवर वरून नीट केली, बोट मुठीतून सोडवून घेतलं. ते सोडवायला थोडा वेळ लागला. धम्मप्रिया माझ्या गळ्यात पडली, "फोन कर गं पोचल्यावर," म्हणाली. मग दारं लागली आणि गाडी हलली.

मी पिशवी हातात धरून उभी राहिले. गाडीत आनंदराज समोर बघत होता, धम्मप्रिया समोर बघत होती, सुमनबाई पदर सावरत समोर बघत होत्या. असंच असतं. मी जळकोट सोडलं तेव्हा माझंही तोंड पुढंच होतं, आणि मागं आईला काय वाटत असेल हे मला बघायला सुचलं नाही. मागच्या काचेवर ऊन पडलं होतं, त्यातून मला काही दिसलं नाही. पण एवढं ठाऊक होतं, की त्या गाडीत एकजण माझ्याकडं तोंड करून चालली आहे.

गाडी वळेपर्यंत मी हात हलवत राहिले.